उजेडात बघून घ्या

दादरच्या आमच्या मॅचिंग सेंटरमध्ये लालाच्या खणात सव्वीस तागे आहेत. कुंकू, मिरची, टोमॅटो, गाजरी, शेंदरी, विटकरी, डाळिंबी, आमसुली, मरून, आणि मरूनमध्येच पुन्हा चार. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "लाल दाखवा." त्या शब्दाचा मला पहिल्यापासून राग. लाल म्हणजे कुठला लाल, बाई? सिग्नलचा की आमसुलाचा? असं विचारलं की त्या मला उद्धट समजतात. मी आहेच उद्धट. अठ्ठावीस वर्षं काउंटरला उभं राहिल्यावर माणूस गोड राहत नाही.

पण माझा हात बसलेला होता. साडी काउंटरवर पडली की मी मागे वळायचे आणि जो तागा ओढायचे तोच असायचा. दुसरा काढायची वेळ महिन्यातून एखाद्या वेळेस यायची. बायका लांबलांबून यायच्या आणि दारातूनच विचारायच्या, "त्या ताई आहेत का?" मी सुट्टीवर असले तर पिशवी घेऊन परत जायच्या. ही फुशारकी आहे, हो. माझ्याकडे फुशारकी मारायला दुसरं आहे काय? लग्न केलं नाही. शिक्षण बारावी. वडील आधीच गेले होते, चार वर्षांपूर्वी आई गेली. लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि दादरला एक काउंटर, एवढाच माझा संसार.

आमच्या दुकानात एक नियम आहे. ट्यूबलाइटवर विश्वास ठेवायचा नाही. पीस कापायच्या आधी साडी आणि तागा घेऊन गिऱ्हाइकाला फुटपाथवर न्यायचं आणि म्हणायचं, "उजेडात बघून घ्या." ट्यूबखाली बहिणी वाटणारे दोन रंग बाहेर उन्हात एकमेकांना ओळखसुद्धा दाखवत नाहीत. मी गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी बाहेर जायचे. मला स्वतःला कधी गरज वाटली नाही.

माझ्या जोडीदारणीला मात्र वाटायची. ती नायगावची, बारा वर्षं माझ्या शेजारच्या काउंटरला. तिला मोतिया आणि क्रीम यातला फरक आत उभं राहून कळायचा नाही. दिवसातून चाळीस वेळा तागा काखेत मारून दाराकडे धावायची. मी म्हणायचे, "तुला डोळे फक्त काजळ घालायला दिलेत." ती हसायची आणि धावायची. शेठ, म्हणजे आमचे मालक, तेही हसायचे. माझ्या तोंडाची सगळ्यांना सवय झाली होती.

अडीच वर्षांपूर्वी शिमग्याच्या सुमाराला सकाळी टिकली लावताना उजवा डोळा दुखला. डोळा वळवला की आतून कोणीतरी दोरी ओढल्यासारखं व्हायचं. उष्णता असेल म्हणून गुलाबपाणी घातलं आणि दुकानात गेले. एका बाईंसाठी कुंकू रंगाचा तागा काढला तर तो दहा वेळा धुतलेल्या परकरासारखा दिसायला लागला. डावा डोळा मिटला, धुतलेला. उजवा मिटला, नवाकोरा. मी तिथेच उभी राहून एकदा हा डोळा, एकदा तो डोळा असं करत बसले, तेव्हा त्या बाई म्हणाल्या, "ताई, बरं आहे ना?"

डोळ्यांच्या डॉक्टरांनी लाल टोपणाचं पेन समोर धरलं आणि विचारलं, दोन्हीकडून सारखंच दिसतंय का. मी म्हटलं, "डाव्याने मिरची. उजव्याने फिका गाजरी, तोही उडालेला." त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. इतकं नेमकं त्यांना कोणी सांगितलं नसावं. मग मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. मशीनमध्ये घालून डोक्याचे फोटो काढले, पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं, आणि एका तरुण डॉक्टरणीने समोर बसवून सांगितलं की याला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात. एमएस.

तिने समजावलं ते चांगलं समजावलं. आपल्या नसा म्हणजे वायरी, आणि वायरीवरचं प्लास्टिक शरीर स्वतःच सोलतंय, कुठे डोळ्यामागे, कुठे मणक्यात. मी विचारलं, कशाने झालं? म्हणाली, नक्की सांगता येत नाही. बरं होणार? म्हणाली, "जाणार नाही. पण आवरून धरता येईल." दर सहा महिन्यांनी एक दिवस हॉस्पिटलात सलाइनमधून औषध. उन्हात जायचं नाही, कारण उष्णतेने सगळंच वाढतं. जास्त वेळ उभं राहायचं नाही. "आणि दमायच्या आधी बसायचं," ती म्हणाली. मला हसू आलं. काउंटरवाल्या बाईला सांगते, दमायच्या आधी बस.

आमच्या खोलीत मोबाइलची रेंज येत नाही, गॅलरीत उभं राहून बोलावं लागतं. भाऊ बदलापूरला राहतो. त्याला फोन लावला आणि म्हटलं, "मला एमएस झालंय." हॉस्पिटलातल्या तपासण्यांचं त्याला माहीत होतं. म्हणाला, "नोकरी सोड आणि इकडे ये. हॉलमध्ये झोप. खोली भाड्याने देऊ." भाऊ वाईट नाही. वहिनीही वाईट नाही. पण त्यांच्या हॉलमधल्या सोफ्यावर, टीव्ही बंद व्हायची वाट बघत झोपायचं, ही कल्पनाच मला सोसेना. त्या दिवशी मी ठरवलं की दुकानात कळू द्यायचं नाही. काउंटर सुटलं की खोली सुटणार, आणि खोली सुटली की मी उरलेली वर्षं कोणाच्या तरी हॉलमध्ये. मला फक्त काउंटरला उभं राहायचं होतं, जमेल तेवढे दिवस.

फोन ठेवला तर शेजारच्या काकू दारात तांदूळ निवडत बसलेल्या. सत्तरीला आलेल्या, मालवणकडच्या, एकट्या. आई होती तेव्हापासून रोज सकाळी आमच्याकडे चहाला यायच्या आणि आई गेल्यावरही यायच्या थांबल्या नाहीत. त्यांनी ऐकलं होतं. सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "एमएससीआयटी झाला तुझा? बरां केलंस गो बाय. हल्ली सगळीकडे कंप्युटर लागता."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्या कोर्सचा क्लास आहे. चाळीतल्या प्रत्येक पोराने तो केलेला. बाहेरच्या मुलखात एमएस म्हणजे काय असेल ते असो, आमच्याकडे एमएस झालं म्हणजे कंप्युटरचा कोर्स झाला. मी खरं सांगणारच होते, पण काकूंच्या चेहऱ्यावर एवढं कौतुक होतं. बारावीनंतर माझं कोणी त्या नजरेने कौतुक केलं नव्हतं. मी म्हटलं, "झालं नाही, चालू आहे."

एवढंच वाक्य, आणि ते दोन वर्षांवर पुरलं. सहा महिन्यांनी सलाइनला जायचं असलं की मी शेठना सांगायचे, "उद्या पेपर आहे." शेठ कच्छी, मनाने चांगले. म्हणायचे, "जा बेन, शिक. उद्या तूच बिलिंगला बसशील." चाळीत काकूंनी सगळ्यांना सांगून ठेवलेलं. आधी कौतुक झालं, मग एवढ्याशा कोर्सला किती वेळा बसते म्हणून कीव. तिसऱ्या मजल्यावरची एक शाळकरी मुलगी जिन्यात मला म्हणाली, "मावशी, सोपं असतं हो, मी सांगू का?" मी म्हटलं, सांग हं कधीतरी.

गंमत वाटत असेल. मलाही सुरुवातीला वाटली. पण चाळीत दार दिवसभर उघडं असतं, आणि माझं बंद राहायला लागलं. संध्याकाळी दुकानातून आले की तीन मजले चढेपर्यंत पायांत जोर उरायचा नाही. तो थकवा मला कोणाला समजावता आला नाही. दमणं वेगळं, दमल्यावर माणूस बसतो आणि उठतो. हे म्हणजे प्लग काढून घेतल्यासारखं. आल्या आल्या मी दार लोटून, फ्रिजमधला ओला पंचा मानेला गुंडाळून लादीवर पडायचे. बाहेर गॅलरीत पोरं दंगा करायला लागली की काकूंचा आवाज यायचा, "गप ऱ्हवा रे, ती अभ्यास करता." आणि गॅलरी शांत व्हायची. माझ्यासाठी एवढी शांतता त्या घरात कधी नव्हती.

काकू सकाळच्या चहाला यायच्या बंद झाल्या. अभ्यासाची वेळ सकाळची, असं त्यांच्या डोक्यात. घावने केले की ताटलीत झाकून माझ्या उंबऱ्याशी ठेवायच्या आणि आवाज न करता जायच्या. मी आत पडून त्यांच्या पावलांचा आवाज ऐकायचे. हाक मारावीशी वाटायची. काकू, या ना आत, डोंबलाचा अभ्यास. पण हाक मारली तर सगळं सांगावं लागलं असतं, आणि काकूंना सांगितलेलं दुसऱ्या दिवशी दादरला पोचतं. मग मी घावने थंड झाल्यावर उठून घ्यायचे.

बाकीचं मी एकटीने आवरून धरलं. संडास गॅलरीच्या टोकाला, मध्ये सात दारं. या रोगात लघवीला आली की आली, मिनिटाचीही सवड मिळत नाही. मग संध्याकाळी सहानंतर पाणी प्यायचं बंद केलं आणि मोरीत एक बादली ठेवली. ते करतानाही लाज वाटायची, एकटी असून. डाव्या पावलाला जमीन कळेनाशी झाली. एकदा लालबागच्या नाक्यावर बसस्टॉपला पोचले आणि एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्या पायांकडे बोट केलं. एका पायात चप्पल नव्हती. कुठे पडली ते मला कळलंच नव्हतं. मागे गेले तर ती दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात होती. म्हणजे मी तेवढं सगळं अंतर अर्धी अनवाणी चालले होते. त्यानंतर मी पट्ट्याची सँडल घेतली. कधी छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं व्हायचं, घट्ट, श्वास पुरत नाही असं वाटायचं, आणि दिवसभर तसंच राहायचं. दिसायला मी अगदी ठणठणीत. त्याचा मला राग यायचा. निदान एखादं प्लास्टर तरी असावं माणसाला.

दुकानात मी उजवा डोळा मिटून रंग जुळवायला शिकले. गिऱ्हाइकाला वाटायचं मी विचार करतेय. आणि तागे मला हाताने पाठ होते, कुठला खण, खालून कितवा. गिऱ्हाइकाला उन्हात नेऊन पीस कापायचं मी जोडीदारणीवर ढकललं होतं. सगळं निभावत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

यंदाच्या मे महिन्यात माटुंग्याच्या बाई आल्या. शाळेत शिकवतात, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांनी पिशवीतून मऊसूत शालू काढला. त्यांच्या आईचा लग्नातला. आता त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि ती आजीचा शालू नेसणार होती. जुन्या साडीला ब्लाउजपीस कुठला, म्हणून सिल्कमध्ये जुळवायला आणलेला. "तुमच्याशिवाय कोणाच्या हातात दिला नसता," त्या म्हणाल्या. त्या दिवशी जोडीदारीण रजेवर होती. दुपारचे दोन वाजलेले. मी दोन तागे काढले आणि नियमाप्रमाणे म्हटलं, "चला, उजेडात बघून घ्या."

बाहेर फुटपाथ तव्यासारखा तापलेला. अर्ध्या मिनिटात माझ्या उजव्या डोळ्यापुढे धूर आला. तो नेहमी यायचा, मला माहीत होतं. मी तो मिटला. पण त्या दिवशी डाव्यानेही दगा दिला. शालू, दोन्ही तागे, बाईंचा चेहरा, सगळं करडं व्हायला लागलं. बाई उन्हाने डोळे बारीक करून म्हणाल्या, "मला काही कळत नाही हं, तुम्ही म्हणाल तो." मी आत जाऊन पाच मिनिटं पंख्याखाली बसायला हवं होतं. नुसतं एवढं म्हणायचं होतं की जरा थांबा. त्याऐवजी मी डावीकडच्या ताग्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "हा. डोळे मिटून न्या."

दहा दिवसांनी बाई परत आल्या. लग्न आठवड्यावर आलेलं. त्या ओरडल्या नाहीत. शिवलेला ब्लाउज शालूवर ठेवला आणि म्हणाल्या, "ताई, हे बघा ना जरा." मी बघितलं. मला दोन्ही एकच दिसत होते. म्हटलं, "बरोबर तर आहे. टेलरने पाण्यात घातला असेल." त्या म्हणाल्या, "सिल्क कोण पाण्यात घालतं, ताई?" माझा पारा चढला. अठ्ठावीस वर्षांत माझ्या काउंटरवर पीस परत आला नव्हता. मी शालू उचलला, ब्लाउज उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "चला, बाहेर चला, उजेडात बघून घ्या."

शेठ गल्ल्यावरून उठून आले. जोडीदारीण आली. आम्ही चौघं फुटपाथवर उभे राहिलो आणि मी दोन्ही कपडे शेजारी धरले. मी एकेकाच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला कळलं की या तिघांना काहीतरी दिसतंय. फक्त मलाच दिसत नाहीये.

"ताई," जोडीदारीण हळू म्हणाली, "साडी कुंकू आहे. हा आमसुली आहे."

"तू गप बस," मी तिला म्हटलं. मोतिया आणि क्रीम न कळणारी बाई मला लाल शिकवत होती. मग मी पुन्हा खाली बघितलं. माझ्या हातात दोन करडे कपडे होते. मला रडू आलं नाही, भीती वाटली. भर रस्त्यात मी म्हटलं, "शेठ, मला एमएस झालंय."

शेठ म्हणाले, "माहीत आहे ना बेन, चांगलंच आहे. त्याचं इथे काय?"

दोन वर्षं पोसलेलं खोटं असं तोंडावर आलं. मी म्हटलं, "कोर्स नाही, शेठ. कुठला कोर्स मी केला नाही. रोग आहे. डोळ्यामागची नस गेलीय. पायाचीही जातेय." माटुंग्याच्या बाईंनी माझ्या हातातून शालू हलकेच काढून घेतला, मी तो पाडेन या भीतीने असेल किंवा मला मोकळं करायला असेल. शेठनी हात पुढे करून ब्लाउजही घेतला. मग म्हणाले, "उद्यापासून काउंटरला उभं नाही राहायचं."

मी पर्स घेतली आणि निघाले. बाईंना नवा पीस जोडीदारणीने काढून दिला, तो लग्नाआधी शिवूनही झाला, हे मला नंतर कळलं.

चाळीत तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा काकू दारातच होत्या. "आज लवकर इलंस? क्लास नाय?" मी त्यांच्या उंबऱ्याशी लादीवर बसले आणि सगळं सांगितलं. डोळा, पाय, बादलीसुद्धा. नोकरी गेली तेही. त्यांना राग आला होता, खराच. म्हणाल्या, "दोन वर्सां मी पोरांवर वराडतंय, ती अभ्यास करता म्हणान. आणि तू आत पडान होतंस?" त्या उठून आत गेल्या.

मला वाटलं, आता तरी दार वाजेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन कप चहाचं पाणी ठेवलं. दार वाजलं नाही. संध्याकाळी पोरं गॅलरीत आली आणि काकूंचा आवाज आला, "गप ऱ्हवा रे, तिका बरां नाय." पोरं गप्प झाली. उंबऱ्याशी झाकलेली ताटली आली आणि पावलं निघून गेली. आधी अभ्यास होता म्हणून कोणी यायचं नाही, आता आजार होता म्हणून येत नव्हतं. मी लादीवर पडून हसले आणि मग खूप रडले. भावाला फोन लावायला गॅलरीत जायचं होतं, येते म्हणून सांगायला. उद्या लावू म्हणून तसाच ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठले, भिंतीला धरून गेले आणि काकूंच्या उघड्या दाराची चौकट वाजवली. म्हटलं, "चहाला येताय की नाही? मी काय मेले नाही अजून." काकूंनी पदराला हात पुसले आणि आल्या. आता रोज येतात. पूर्वी चाळीतल्या भानगडी सांगायच्या, आता दर दोन घोटांनी विचारतात, "दुखता काय गो?" तो पूर्वीचा चहा परत आला नाही. पण दार उघडं असतं.

त्या तिसऱ्या दिवशीच्या चहाच्या वेळी मोबाइल गॅलरीत घेऊन गेले तर दुकानातून सात मिस्ड कॉल. लावला. जोडीदारीण म्हणाली, "ताई, आहात कुठे? शेठ रोज विचारतायत."

"मला काढलंय ना."

"कोणी काढलंय?"

"शेठच म्हणाले, उभं राहायचं नाही."

"अहो, मग बसा ना," ती म्हणाली. "खुर्ची आणून ठेवलीय तुमच्यासाठी."

दोन वर्षं लोकांनी माझं चुकीचं ऐकलं यावर मी जगले, आणि एक सरळ वाक्य मला स्वतःला धड ऐकता आलं नाही.

आता मी बिलिंगला बसते. कंप्युटर शेठच्या सुनेने शिकवला, दोन बोटांनी चालवते. पंखा डोक्यावर, पंचा मानेला, पाय स्टुलावर. डॉक्टरणीने सांगितलं तसं दमायच्या आधी बसलेलीच असते. खोली आहे, नोकरी आहे. तक्रार करायला जागा नाही, तरी करते. काउंटरला होते तेव्हा बायका आपल्या आईची, सासूची साडी माझ्या हातात द्यायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहायच्या. आता त्या येतात, कागद घेतात, जातात. माझ्याकडे बघायची त्यांना गरज नसते. आठ तास माणसांत बसून मला एवढं एकटं कधी वाटलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात मी जोडीदारणीला विचारलं होतं, "त्या माटुंग्याच्या बाई सोडून आधी कधी चुकलं होतं का माझं?" ती ताग्यांची घडी करत होती. म्हणाली, "दिवाळीपासून. लालातच. मी कापायच्या आधी बाहेर नेऊन बघायचे ना, चुकीचा असला तर बदलायचे. त्या दिवशी मी नव्हते."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्हाला आवडलं असतं?"

नसतं आवडलं. मी तिला काजळावरून काहीतरी बोलले असते.

परवा दुपारी एक बाई दारातून विचारत आल्या, "त्या ताई आहेत का?" जोडीदारणीने माझ्याकडे बोट केलं. बाईंनी पिशवीतून लाल साडी काढून माझ्या टेबलावर, कीबोर्डवरच ठेवली. मी हात फिरवला. उजवा डोळा मिटला. म्हटलं, "तिसरा खण, खालून दुसरा. आणि त्याच्या वरचा." जोडीदारणीने दोन्ही तागे काढले आणि नेहमीसारखी दाराकडे गेली. मीही उठले, काउंटरला धरत, शटरला धरत, सावलीच्या कडेपर्यंत. बाई साडी धरून उभ्या, जोडीदारणीच्या दोन हातांत दोन तागे, आणि दोघीही माझ्याकडे बघत.

"कुठला, ताई?" बाई म्हणाल्या.

मला दोन्ही सारखे दिसत होते.

"मला लाल दिसत नाही," मी त्या बाईंना सांगितलं. मग जोडीदारणीकडे वळले. "तू सांग."

तिने साडी बघितली, एक तागा बघितला, दुसरा बघितला, पुन्हा साडी बघितली. तिला नेहमीच वेळ लागतो. मी उभी राहिले.

"डाव्या हातातला," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की."

"काप," मी म्हटलं.